अंगणात आलेलं तळहाताएवढं कासव: चिखलकासव की कस्तुरी कासव?

निर्झरा
१४ मे, रात्री ९:१०

मंडळी, आम्ही नॉर्थ कॅरोलायनात, रॅलेच्या शेजारी कॅरीला राहतो. परसाच्या मागून एक लहान ओहोळ वाहतो. काल रात्रभर धो धो पाऊस पडला आणि आज सकाळी अळूच्या वाफ्यापाशी लेक (वय ९) ओरडला, "आई, दगड चालतोय!"

जाऊन बघते तर कासव. तळहातात मावेल एवढंच. पाठ घुमटासारखी उंच, काळपट तपकिरी, आणि तिच्यावर शेवाळाचा मऊ हिरवा लेप. नाक टोकदार, डुकराच्या मुस्कटासारखं पुढे आलेलं. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना नाकापासून मानेकडे जाणाऱ्या दोन-दोन पिवळट रेघा, एक डोळ्याच्या वरून आणि एक खालून. उचललं मात्र, आणि असा काही दर्प सुटला की लेकाने नाक धरून पळ काढला. जळक्या विजेच्या तारेचा वास आणि कुबट ओल्या फडक्याचा वास एकत्र केला तर जसा येईल तसा. हात दोनदा धुतले तरी संध्याकाळपर्यंत जाणवत होता.

शेजारचे आजोबा म्हणाले 'मड टर्टल'. पलीकडच्या बाई म्हणाल्या, छे, हा 'मस्क टर्टल', आम्ही लहानपणी 'स्टिंकपॉट' म्हणायचो. साताऱ्याला आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर तिने विचारलं, "हे कुठलं गं कासव?" मला मराठीत सांगताच येईना. आत्ता ते बादलीत आहे, बोटभर पाण्यात. वरून आणि बाजूने काढलेले फोटो जोडलेत. कुणी ओळखेल का?


तांबडं_फुटलं
१४ मे, रात्री ९:३२

किती गोड चेहरा आहे. वाचतेय.


डोहकाठ
१४ मे, रात्री १०:१५

निर्झराताई, मी फ्लोरिडात गेन्सव्हिलला असते आणि कासवांवरच काम करते. फोटोवरून अंदाज आलाय, पण खात्री करायला पोट बघावं लागेल. आपण शंकराच्या देवळात जमिनीवर कोरलेलं कासव बघतो ते कायम पाठीकडून. मड-मस्क टर्टलच्या कुळाची ओळख मात्र पोटावर लिहिलेली असते.

धरायचं असं: दोन्ही हातांनी, पाठीच्या मागच्या अर्ध्या भागाला, मागच्या पायांच्या वर. यांची मान वाटते त्याहून फार लांब असते. पार मागच्या पायापर्यंत वळून चावा घेऊ शकतात, आणि जबडा गोगलगायींची शिंपलं फोडणारा आहे. बोटं लांब ठेवा. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ उलटं धरू नका. नंतर हात साबणाने धुवा, वासासाठी नव्हे तर साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूसाठी.

काय बघायचं ते सांगते. पोटावरच्या कवचाचे मोठे खवले मोजा. बहुतेक कासवांत ते बारा असतात, सहा जोड्या. चिखल आणि कस्तुरी कासवांत अकरा किंवा दहा. पाठीच्या काठाने फिरणारे लहान खवलेही कमी: इतर बहुतेकांत पंचवीस, यांच्यात तेवीस. मग पोटाला आडवी बिजागरी आहे का ते बघा. किती आहेत, एक की दोन? पुढच्या पायांच्या मधोमध छातीवर जी खवल्यांची जोडी येते ती चौकोनी आहे की त्रिकोणी? आणि हनुवटी व गळ्यावर मांसाचे बारीक कोंब दिसतात का? मिशीच्या केसांसारखे, पण मऊ.

हे झालं की कृपा करून आज रात्रीच तिला जिथे सापडली तिथेच सोडा. 'तिला' म्हणतेय कारण मे महिन्यात पाऊस पडून गेल्यावर पाण्याबाहेर आलेलं हे कासव बहुधा अंडी घालायला जागा शोधत असतं.


निर्झरा
१४ मे, रात्री ११:०५

बघितलं! लेकाने टॉर्च धरला, नवऱ्याने कासव, मी मोजलं.

पोटाचं कवच इतकं लहान असेल असं वाटलंच नव्हतं. अंगावर आखूड झालेलं बंडी-झबलं घातल्यासारखं. पाय आणि खांद्याजवळचं मांस चारी बाजूंनी बाहेर. रंग जुन्या हस्तिदंतासारखा पिवळट, मधे तपकिरी डाग. खवले अकरा: सगळ्यात पुढे एक इवलासा, मग पाच जोड्या. छातीवरची जोडी चौकोनीच, थोडी तिरपी. बिजागरी एकच वाटली, पुढच्या बाजूला, तीही फारशी हलत नव्हती. हनुवटीवर दोन कोंब आणि खाली गळ्यावर आणखी दोन. शेपटी अगदी आखूड.

सोडलं तिला. अळूच्या वाफ्यामागे एक कुजका ओंडका पडलाय, तिकडे गेली.


डोहकाठ
१५ मे, सकाळी ७:२०

सुरेख मोजलंत. शंका उरली नाही: स्टर्नोथेरस ओडोरेटस, म्हणजे तुमच्या पलीकडच्या बाईंचं 'स्टिंकपॉट'. मादी. नराची शेपटी जाड आणि लांब असते, टोकाला कठीण, आणि त्याच्या पोटावरच्या खवल्यांच्या मधे कातडी जास्त उघडी पडलेली असते.

शेजारच्या आजोबांचीही काही चूक नाही. चिखलकासव, किनोस्टर्नॉन सबरुब्रम, तुमच्याच ओहोळात राहू शकतं आणि वरून बघितलं तर दोघं सख्खी भावंडं वाटतात. फरक उलटं केल्यावर कळतो. चिखलकासवाचं पोटकवच रुंद, त्याला दोन बिजागऱ्या, पुढे एक आणि मागे एक, आणि मधला भाग पक्का. दोन्ही झडपा वर ओढून ते बरंच बंद होतं. त्याच्या छातीवरचे खवले त्रिकोणी असतात. नावांतही हेच आहे. ग्रीक भाषेत 'किनेओ' म्हणजे हलवणं आणि 'स्टर्नॉन' म्हणजे छाती, म्हणून किनोस्टर्नॉन म्हणजे छाती हलणारं. स्टर्नोथेरसमध्ये 'थायरॉस' म्हणजे बिजागरी. दोन्ही वंशांना नाव देणाऱ्यांनी पाठ सोडून पोटच पाहिलं.

तुमच्या राज्यात खरी अडचण वेगळीच आहे. किनोस्टर्नॉन बाउरी नावाचं पट्टेवालं चिखलकासव फ्लोरिडात पाठीवरच्या तीन फिकट पट्ट्यांवरून चटकन ओळखता येतं. उत्तरेकडे कॅरोलायनात मात्र ते पट्टे पुसट होत जातात. त्यामुळे पूर्व कॅरोलायना आणि व्हर्जिनियातली ही कासवं कितीतरी वर्षं सबरुब्रम म्हणूनच मोजली गेली. १९९० मध्ये लॅम आणि लोविच यांनी कवचाची बारकाईने मापं घेऊन दाखवलं की ती बाउरी आहेत.


तळटीप
१५ मे, सकाळी १०:४८

आईंना काय सांगायचं याबद्दल. 'मस्क'चं भाषांतर 'कस्तुरी' असं करतील, पण मराठी कानाला कस्तुरी म्हणजे सुगंध. कपाळी कस्तुरी, कस्तुरीमृग. हा वास तर नाक धरून पळायला लावणारा. म्हणून मी म्हणेन 'दर्पी कासव' किंवा 'उग्रगंधी कासव'.

शब्दाचा प्रवास मात्र आपल्याच घरातून सुरू होतो. संस्कृत 'मुष्क' म्हणजे अंडकोश. मृगाच्या त्या भागाजवळच्या ग्रंथीवरून फारसीत 'मुश्क' झालं, तिथून लॅटिन आणि मग युरोपातल्या भाषांत 'मस्क'. म्हणजे मस्कचा मूळ अर्थ सुगंध नव्हे, ग्रंथी. त्या अर्थाने कस्तुरी कासव हे नाव पूर्ण चुकीचं नाही.


रानभूल
१५ मे, दुपारी १:३०

तळटीप, तुमचं पटतंय, तरी मला 'कस्तुरी कासव' ठेवावंसं वाटतं. लातरेय या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८०१ मध्ये ओडोरेटा असं नाव दिलं, त्याचाही अर्थ 'गंध असलेलं' एवढाच. चांगला की वाईट हे त्याने वाचणाऱ्यावर सोडलं. आपणही सोडू.

माझा प्रश्न दुसरा आहे. मी भंडारा जिल्ह्यातली. आमच्याकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत, बोड्यांत म्हणजे लहान तळ्यांत एक कासव असतं, अंगावर मऊ कातडी, हिरवट पाठ, त्यावर पिवळे ठिपके. मागचे पाय आत घेतले की पोटाखालच्या दोन कातडी झडपा पायांवर मिटतात, आणि पुढचा भागही वर उचलून बंद होतो. उन्हाळ्यात तळं आटलं की चिखलात खोल जाऊन पडून राहतं. लहानपणी बोडी खणताना कुदळीला लागलेलं मी पाहिलंय, ढेकळातून डोकं निघालं तेव्हा आजोबांनी कुदळ खाली ठेवली होती. बिजागरीही आहे, चिखलातली झोपही आहे. मग हे अमेरिकेतल्या चिखलकासवाचं नातलग का?


डोहकाठ
१५ मे, संध्याकाळी ६:४०

रानभूल, तुमचं ते लिसेमिस पंक्टाटा. मऊ पाठीच्या कासवांच्या कुळातलं, आणि या कुळाशी त्याचं जवळचं काही नातं नाही. बिजागरी कासवांमध्ये वेगवेगळ्या शाखांत वेगवेगळ्या वेळी आली. आटणारं पाणी आणि कवच उघडू पाहणारा शत्रू हे दोन प्रश्न इथेही आहेत आणि भंडाऱ्यातही. उत्तरं सारखी निघाली एवढंच. तुमच्या कासवाच्या मागच्या पायांवरच्या झडपा कातडीच्या आहेत, इथल्या झडपा कठीण कवचाच्याच.

नात्याचं विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते, कारण या कुळात मला सगळ्यात जास्त रस तिथेच आहे.

कुळाचं नाव किनोस्टर्निडी. ओंटॅरिओपासून मेक्सिको, मध्य अमेरिका असं करत थेट उत्तर अर्जेंटिनापर्यंत. फक्त अमेरिका खंडांत. जाती तीसच्या आसपास. मेक्सिको हे यांचं खरं माहेर, सर्वांत जास्त जाती तिथे. सर्वांत जवळचा जिवंत नातलग म्हणजे डर्माटेमिस मावी, मध्य अमेरिकेतल्या नद्यांतलं मोठं शाकाहारी कासव. एकाच शाखेवर एकीकडे तळहाताएवढी शिंपलंफोडी आणि दुसरीकडे पानं खाणारं ते भलं मोठं कासव, हे मला अजूनही नवल वाटतं.

कुळात दोन उपकुळं. एकात किनोस्टर्नॉन आणि स्टर्नोथेरस, म्हणजे आपली चिखल-कस्तुरी मंडळी. दुसऱ्यात स्टॉरोटायपस आणि क्लॉडियस, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली. 'स्टॉरोस' म्हणजे क्रूस. यांचं पोटकवच इतकं अरुंद की क्रूसासारखं दिसतं. स्टॉरोटायपस ट्रायपोर्कॅटसच्या पाठीवर तीन उंच कणे आणि लांबी जवळजवळ ४० सेंटीमीटर, म्हणजे निर्झराताईंच्या पाहुणीच्या तिप्पट. तिकडे त्याला 'गुआओ' म्हणतात. क्लॉडियस लहान, त्याला व्हेराक्रूझकडे 'चोपोंतिल' म्हणतात, आणि ते बाजारात खाण्यासाठी विकलं जातं. या उपकुळाच्या पोटकवचात पुढच्या बाजूला मधोमध एक वेगळं हाड असतं. आपल्या मंडळींत ते नाहीसं झालंय.

दोघांमधला सगळ्यात मोठा फरक मात्र हाडांत नाही, पिल्लू नर होणार की मादी हे ठरण्यात आहे. किनोस्टर्नॉन आणि स्टर्नोथेरसमध्ये अंड्याभोवतीच्या मातीची ऊब ते ठरवते. मधल्या तापमानाला नर, त्यापेक्षा गार किंवा गरम असेल तर मादी. स्टॉरोटायपसमध्ये मात्र आपल्यासारखी एक्स आणि वाय गुणसूत्रं आहेत. १९७४ मध्ये बुल, मून आणि लेग्लर यांनी ती दाखवली, आणि कासवांमध्ये ही फार दुर्मिळ गोष्ट. पुढे २०१४ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की या कासवाचं एक्स गुणसूत्र आणि कोंबडीचं झेड गुणसूत्र हे मुळात एकाच गुणसूत्रापासून आलेत. कोंबडीत मात्र कारभार उलटा: तिथे दोन झेड असले की कोंबडा होतो, इथे दोन एक्स असले की मादी. तोच तुकडा दोन शाखांनी स्वतंत्रपणे निवडला आणि विरुद्ध कामाला लावला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तो लेख तिथेच बसून पुन्हा वाचला होता.

या फरकामुळे काही जण स्टॉरोटायपस-क्लॉडियसना स्वतंत्र कूळच मानतात.


घोटीव
१५ मे, रात्री ९:०२

माहितीबद्दल मनापासून आभार. एक शंका नव्हे, आक्षेप आहे. मी पेशाने सांख्यिकीतला. गेल्या काही वर्षांत या कुळात जाती भराभर वाढल्या असं दिसतं. पूर्वी ज्या उपजाती होत्या त्याच आता जाती. डीएनएचे तुकडे वाचले, एक झाड काढलं, आणि फांदी वेगळी दिसली की नवं नाव. पुढच्या तुकड्यांनी झाड बदललं की नाव परत. मग मोजणी कशाची करायची?


डोहकाठ
१६ मे, सकाळी ८:१०

घोटीव, आक्षेप रास्त आहे आणि या कुळात त्याचं नेमकं उदाहरण घडलंय.

२०१३ मध्ये आयव्हर्सन, ले आणि इन्ग्रॅम यांनी जनुकांवरून झाड काढलं. त्यात स्टर्नोथेरस हा किनोस्टर्नॉनच्या पोटातच जाऊन बसला. म्हणजे काही चिखलकासवं इतर चिखलकासवांपेक्षा कस्तुरी कासवांच्या जास्त जवळची. त्यावर उपाय म्हणून त्यांनी मध्य अमेरिकेकडच्या काही जाती वेगळ्या काढून क्रिप्टोकेलिस असा नवा वंश सुचवला. वर्षभरात, २०१४ मध्ये, स्पिंक्स आणि सहकाऱ्यांनी पेशीकेंद्रातली जास्त जनुकं घेऊन तपासलं. किनोस्टर्नॉन पुन्हा एकसंध निघाला आणि क्रिप्टोकेलिसची गरज संपली. आईकडून येणारा मायटोकाँड्रियाचा डीएनए एक गोष्ट सांगत होता, केंद्रातला डीएनए दुसरी. पुरावा वाढला आणि नाव मागे घेतलं. मला यात गोंधळ दिसत नाही, हिशेब तपासून दुरुस्त केलेला दिसतो.

तुम्ही म्हणता ती दुसरी बाजूही सांगते. स्टर्नोथेरस मायनर आणि पेल्टिफर या दोन उपजाती धरत, आणि दोघांच्या मधल्या नद्यांत राहणारी कासवं त्यांचा संकर आहेत असं मानत. २०१८ मध्ये स्कॉट, ग्लेन आणि रिस्लर यांनी नुसतं झाड काढून न थांबता, जनुकांची देवघेव कधी आणि किती झाली याची गणितं मांडून पाहिली. मधली कासवं संकर नव्हतीच. ती स्वतःची जुनी वेगळी शाखा होती. तिचं नाव ठेवलं इंटरमीडियस. तुमच्या विषयातल्या माणसाला तो लेख वाचायला आवडेल.

आणि पोटावरून ओळखा म्हणणाऱ्यांनीही गाफील राहू नये. आपण 'छातीचे खवले' म्हणतो ते खरोखर इतर कासवांच्या छातीच्या खवल्यांशी जुळतात का, की मधली एखादी जोडी नाहीशी होऊन बाकीचे सरकलेत, यावर हचिसन आणि ब्रँबल यांनी १९८१ मध्ये सविस्तर लिहिलंय. बारा ऐवजी अकरा झाले म्हणजे एक कुठला गेला, हा साधा वाटणारा प्रश्न साधा नाही.


घोटीव
१६ मे, सकाळी ९:२५

इंटरमीडियसचं पटलं. देवघेवीचा काळ मोजला असेल तर ते नुसतं फांदी बघून नाव देणं नाही. आक्षेपाचा तेवढा भाग मागे घेतो. नव्या जाती फक्त प्रयोगशाळेत सापडतात की अजून ओढ्यातही?


डोहकाठ
१६ मे, सकाळी ९:५०

ओढ्यातही! २०१८ मध्ये मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर पोर्तो व्हायार्ता या पर्यटकांनी गजबजलेल्या शहरातून किनोस्टर्नॉन व्होग्टी नावाची जात वर्णिली गेली. जेमतेम १० सेंटीमीटरचं कासव, नराच्या नाकावर ठळक पिवळा ठिपका, हळदीचं बोट लावल्यासारखा. आयुष्यभर कासवांवर काम केलेल्या रिचर्ड व्होग्ट यांच्यावरून नाव. शहर वाढतंय आणि ओढे बुजतायत, त्यातच त्याचं घर. दोन वर्षांनी, २०२० मध्ये, उत्तरेकडे नायारित-सिनालोआच्या पट्ट्यातून किनोस्टर्नॉन कोरा वर्णिलं गेलं, तिथल्या कोरा लोकांच्या नावाने.


जास्वंद७
१६ मे, दुपारी १२:१५

मी रसायनशास्त्राची. वासाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते.

कासवांच्या कवचाच्या काठाशी, पाठ आणि पोट जिथे जोडलं जातं तिथे, रात्के नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथी असतात. बऱ्याच कासवांत असतात, पण या कासवाने त्यांचं शस्त्र केलंय. १९७७ मध्ये थॉमस आइस्नर, जेरल्ड माइनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये लिहिलं की स्टिंकपॉटच्या दर्पात फिनाइल अल्कॅनॉइक आम्लं आहेत. त्यांतलं सगळ्यात साधं फिनाइल ॲसेटिक आम्ल. ते अगदी थोडं असलं तर मधासारखं वाटतं, सुगंधी द्रव्यांतही वापरतात. प्रमाण वाढलं की नकोसं होतं. माझ्या प्रयोगशाळेत त्याची बाटली उघडली की दिवसभर कपड्यांना वास राहायचा. निर्झराताईंच्या हातांचं तेच झालं.

तेव्हा तळटीप आणि रानभूल, दोघांचंही बरोबर धरायला हरकत नाही. कस्तुरी की दर्प हा मात्रेचा प्रश्न आहे.


लबकवाला
१६ मे, रात्री ११:३०

मी पश्चिम टेक्सासात लबकला असतो. इथे पावसाचं पाणी साठून उथळ तळी होतात, त्यांना 'प्लाया' म्हणतात. वर्षातला बराच काळ कोरडी, भेगाळलेली. पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी रस्त्यावर पिवळ्या गळ्याची कासवं चालताना दिसतात. गाडी थांबवून मी त्यांना ज्या दिशेला तोंड आहे त्याच बाजूला रस्त्यापलीकडे नेऊन ठेवतो. हेच का चिखलकासव? आणि पाणी नसताना जातात कुठे?


डोहकाठ
१७ मे, सकाळी ७:४५

हो, किनोस्टर्नॉन फ्लॅव्हेसेन्स, पिवळं चिखलकासव. त्याच दिशेला ठेवता हे फार छान करता. उलटं ठेवलं तर पुन्हा रस्ता ओलांडायला येतं.

पाणी आटलं की जमिनीत स्वतःला पुरून घेतं आणि महिनोन्महिने तसंच राहतं. रानभूल यांच्या बोडीतल्या कासवाची पद्धत, फक्त इथे वाळूत. नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत जॉन आयव्हर्सन यांनी यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. तिथे मादी वाळूत शिरते, आतच अंडी घालते आणि काही माद्या कित्येक दिवस अंड्यांजवळ पुरलेल्या राहतात. कासवं अंडी टाकून निघून जातात असं आपण शिकतो, त्याला हा मोठा अपवाद. पिल्लं शरदात अंड्यातून निघतात पण वर येत नाहीत. उलट आणखी खाली खणत जातात, गोठणाऱ्या थराच्या खाली, आणि वसंतात बाहेर पडतात.

ॲरिझोना-सोनोराकडच्या किनोस्टर्नॉन सोनोरिएन्से या चिखलकासवात तर गर्भच वाढ थांबवून पडून राहतो आणि अंडी पुढच्या वर्षी फुटतात. वाळवंटातल्या किटोबाकिटो झऱ्यावर त्याची एक उपजात तग धरून आहे, २०१७ पासून अमेरिकेच्या धोक्यातल्या यादीत.


तांबडं_फुटलं
१७ मे, सकाळी १०:००

पाण्यातली कासवं हिवाळ्यात बर्फाखाली श्वास कसा घेतात?


डोहकाठ
१७ मे, सकाळी १०:४०

निर्झराताईंची पाहुणी जिभेने घेते, असं म्हटलं तरी चालेल. २०१० मध्ये व्हिएन्नाच्या एगॉन हाइस आणि सहकाऱ्यांनी तिचं तोंड आतून तपासलं. जीभ इतकी लहान आणि दुबळी की जमिनीवर घास गिळणंही जमत नाही. पण जीभ आणि घशाच्या आत बोंडांसारखे असंख्य मऊ उंचवटे, रक्तवाहिन्यांनी भरलेले. तोंडात पाणी घेतलं की त्यातला प्राणवायू तिथून रक्तात शिरतो. पाणी थंड आणि प्राणवायूने भरलेलं असेल तर महिनोन्महिने वर यावं लागत नाही. म्हणूनच ओहोळाचं पाणी कुजकं होणं तिला फार महागात पडतं.

हिची बहीण, अलाबामातल्या ब्लॅक वॉरियर नदीच्या खोऱ्यात राहणारं चपटं कस्तुरी कासव, तिथल्या खडकांच्या फटीत शिरता यावं इतक्या सपाट पाठीचं आहे. कोळशाच्या खाणी आणि शेतांमधून येणाऱ्या गाळाने फटी बुजल्या. १९८७ पासून त्याला कायद्याचं संरक्षण आहे, पण गाळ कायद्याने थांबत नाही.


पुणेरी_अंबर
१८ मे, दुपारी ४:२०

धागा वाचून विचारायचं धाडस करतोय. दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका दुकानातून मुलीसाठी एक कासव घेतलं. दुकानदाराने 'अमेरिकन मस्क, फार वाढत नाही, कागदपत्रं लागत नाहीत' असं सांगितलं. आता तुमची वर्णनं वाचून खात्री पटली की हेच आहे. मुलीचा जीव आहे त्याच्यावर. चुकलो का? कंटाळा आला तर पाषाणच्या तळ्यात सोडा असंही दुकानदार म्हणाला होता.


रानभूल
१८ मे, दुपारी ५:०५

तळ्यात अजिबात सोडू नका, दादा. लाल कानाची अमेरिकन कासवं लोकांनी अशीच तळ्यांत सोडली आणि ती आपल्या कासवांचं अन्न आणि उन्हाला बसायच्या जागा बळकावतायत. आपली कासवं आधीच अडचणीत आहेत.

कागदपत्रांचं दुकानदार चुकीचं बोलला. २०२२ च्या नोव्हेंबरात पनामात साइट्सची, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराची, परिषद झाली. तिथे चिखल आणि कस्तुरी कासवांचं अख्खं कूळ आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या यादीत आलं. व्होग्टी आणि कोरा पहिल्या म्हणजे सगळ्यात कडक परिशिष्टात, बाकी दुसऱ्या. त्याच वर्षी आपल्या वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली आणि साइट्सच्या यादीतले परदेशी जिवंत प्राणी पाळणाऱ्याने नोंदणी करणं बंधनकारक झालं. केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर ती होते. वन विभागाच्या कार्यालयात जाऊन सगळं खरं सांगा.

त्याच परिषदेत भारताच्या प्रस्तावाने लीथचं मऊ पाठीचं कासवही पहिल्या परिशिष्टात गेलं. १८७२ मध्ये ग्रे यांनी पुण्याकडच्या नमुन्यावरून त्याचं वर्णन केलं होतं. तुमच्या शहराचं कासव, आणि आज नदीत दिसणं अवघड.


डोहकाठ
१८ मे, रात्री ८:३०

अंबर, रानभूल यांना पूर्ण अनुमोदन. मुलीला आधी हे सांगा की ते खूप जगतं. फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात एक कस्तुरी कासव ५४ वर्षांहून जास्त जगलं. ती आजी होईपर्यंत सोबत राहू शकतं. खोल टाकी नको, ते पोहण्यापेक्षा तळावर चालणारं आहे. वर यायला तिरका ओंडका ठेवा. रानात हे कासव पाण्यावर झुकलेल्या झाडांवर चढून बसतं.


पुणेरी_अंबर
२३ मे, सकाळी ११:१०

वन विभागात जाऊन आलो. तिथल्या ताईंनी फॉर्म भरायला मदत केली. मुलीने नाव 'रात्के' ठेवलंय.


निर्झरा
४ ऑगस्ट, रात्री १०:२०

इतके दिवस मुद्दाम लिहिलं नव्हतं. १५ मेला पहाटे खिडकीतून पाहिलं तर ती त्या कुजक्या ओंडक्याच्या कडेला मागच्या पायांनी माती उकरत होती. तासाभराने गेली. जवळ जाऊन पाहिलं, जेमतेम चार बोटं खोल खळगा, आणि कुजक्या लाकडाच्या चुऱ्यात अर्धवट झाकलेली तीन लांबट पांढरी अंडी, चिनी मातीच्या कपासारखी कडक चकचकीत. हात लावला नाही. कोल्ह्या-रकूनपासून वाचावीत म्हणून वरून जाळी ठोकली, खालून पिल्लाला निघता येईल एवढी फट ठेवून. लेकाने कॅलेंडरवर रोज एक फुली मारली.

आज एक्क्याऐंशीवी फुली. संध्याकाळी अळूची पानं काढायला गेले तर जाळीच्या फटीशी रुपयाच्या नाण्याएवढं काहीतरी, काळंभोर, पाठीवर मधोमध उंच कणा, काठावर फिकट ठिपके. चेहऱ्यावर त्याच दोन रेघा. लेकाने ओंजळ पुढे केली आणि त्या एवढ्याशा जिवाने पहिलं काय केलं असेल तर तोच वास सोडला! थोडासाच, पण तोच.

आईला कॉल लावला. तिने चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, "मुलगा की मुलगी?" लेकाने डोहकाठमावशींचं सगळं सांगितलं, की ते ओंडक्याखालच्या मातीच्या उबेवर ठरलं असणार, आणि शेपटी वाढेपर्यंत कळणार नाही. मग त्याने ओंडक्याच्या सावलीच्या बाजूला हात घालून पाहिला, आणि उन्हाच्या बाजूलाही. उरलेल्या दोन अंड्यांपैकी एकाला तडा गेलाय. टॉर्च घेऊन तो अजून बाहेरच बसलाय.